अडुसष्ट पिना

माझ्या जुन्या लॅपटॉपच्या उजव्या कुशीला एक फट होती. तीन बोटं शेजारी-शेजारी ठेवली तर बसतील एवढी रुंद, आणि एखादं पातळ बिस्कीट आत जाईल एवढी उंच. तिच्या बाजूला एक इवलंसं बटण. ते दाबलं की आतलं कार्ड चिमटीत धरता येईल इतकं बाहेर यायचं. आता अशी फट कुठल्याच लॅपटॉपला नसते. आयुष्यात कुठल्या यंत्राचं कौतुक वाटलं असं कोणी विचारलं, तर लोक विमानाचं नाव घेतात. मी या फटीचं घेते. ऐकणारे हसतात. हसू देत, मला काय.

मी बुलडाण्यात कान तपासायचं काम केलं. बस स्टँडच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत लोक बसायचे. दुसरीच्या भिंतींना मी गाद्या ठोकून घेतल्या होत्या, म्हणजे तपासताना बाहेरचा आवाज आत येऊ नये. हे काम मी अकोल्याला एका सरांकडे शिकले. सरांनी काम थांबवलं तेव्हा त्यांनी मला त्यांचा लॅपटॉप दिला आणि सोबत एक कार्ड दिलं.

त्याआधीच्या कानाच्या मशीनला एक बारका स्क्रू असायचा. तो फिरवला की आवाज कमी-जास्त. मग डिजिटल मशीन आली. तिला स्क्रू नाही, तिला कॉम्प्युटरनंच सांगावं लागतं, की या माणसाला बारीक आवाज जास्त दे, जाडा कमी दे. पण कॉम्प्युटरनं सांगायचं कुठून? त्यासाठी ते कार्ड. एटीएमच्या कार्डाएवढं, पण चांगलं जाड. त्याच्या शेपटीला दोन वायरी, उजव्या कानाची लाल, डाव्याची निळी. कार्ड फटीत सरकवायचं, वायर मशीनला लावायची, मशीन कानात घालायची. माणूस समोर बसलेला, त्याचा कान लॅपटॉपला बांधलेला, आणि मी बटणं दाबत विचारतेय, आता कसं वाटतं?

सर म्हणायचे, ज्यांनी ही फट केली त्यांच्या डोक्यात कान नव्हता. त्यांनी फक्त आपसात ठरवलं, की रुंदी एवढी, आत पिना अडुसष्ट, कुठल्या पिनेचं काम कुठलं ते पक्कं. मग जागा रिकामी सोडून दिली. कोणी त्यात फोनचं कार्ड घातलं, कोणी नेटचं, कोणी आणखी कशाचं. पंगतीत एक पाट जास्तीचा मांडून ठेवावा, ज्याला यायचं तो येईल, तसं. मला हे फार आवडलं. आपली हुशारी दाखवणारे खूप पाहिले, दुसऱ्याच्या हुशारीसाठी जागा सोडणारे कमी.

एवढं सगळं कौतुक, आणि मी काय केलं ते ऐका. लॅपटॉप आला तेव्हा त्या फटीत एक काळी प्लास्टिकची पट्टी होती. कार्डाच्याच आकाराची, पण पोकळ. मला वाटलं, जुन्या पॅकिंगची राहून गेली असेल. मशीन कानात घट्ट बसावी म्हणून कानाचा साचा घ्यावा लागतो, त्यासाठी दोन रंगांची पेस्ट कालवायची. ती पट्टी कालवायला इतकी झकास निघाली, की मी ती पाच वर्षं उलथन्यासारखी वापरली. साचे उत्तम यायचे. मी स्वतःवर खूश होते.

एका नवरात्रात देऊळघाटचे एक मिस्त्री आले. साठीचे, अंगानं काटक, नखांत काळं ऑइल मुरलेलं. तिथं त्यांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरची, नदीवरची, पिठाच्या गिरणीची इंजिनं त्यांच्याकडे यायची. लांब मोताळ्याहून यायची, जानेफळहून यायची. त्यांची ख्याती अशी, की इंजिन खोलायच्या आधी ते नुसतं चालू करून ऐकायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. चाळीस वर्षं तेच ऐकून कान गेले. बायको सोबत आली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी घरात बोंबलून राह्यते अन् हे पेपर वाचून राह्यते. शेजारच्याले वाटते रोज भांडण होते आमचं."

मी कान तपासले, साचा घेतला, उजव्या कानाला चांगली डिजिटल मशीन लावली. फार विचार करून लावली बरं का. माणूस दिवसभर इंजिनात असतो, त्या धडधडीनं त्याला वीट येईल, म्हणून गोंगाट दाबायची जी सोय त्यात होती ती मी पार टोकापर्यंत चढवून दिली. एकसारखा चालणारा आवाज मशीन आपोआप दाबणार आणि माणसाचं बोलणं वर काढणार. बायकोनं मागून हळूच हाक मारली तर मिस्त्रींनी वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही त्या दिवशी जरा ताठच चालले असेन.

महिन्याभरानं मिस्त्री एकटेच आले. खुर्चीत बसले, कानातली मशीन काढली आणि डबीत घालून माझ्यासमोर सरकवली.

"घ्या मॅडम. हे वापस घ्या."

"काऊन? ऐकू येत नाही?"

मशीन काढलेली, म्हणून मला ओरडावं लागलं. त्यांनी ती परत कानात घातली आणि म्हणाले, "माणसं आयकू येतात. बायको आयकू येते, ते तर बंदच होत नाई. इंजन आयकू येत नाई."

मला हसू आलं. म्हटलं, मिस्त्री, इंजिन ऐकू येऊ नये म्हणून तर एवढी चांगली मशीन दिली तुम्हाला. लोक यासाठी मुंबईला जातात.

ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. मोताळ्याकडच्या एकाचं इंजिन दुरुस्त करून त्यांनी चालू केलं, कान लावून ऐकलं, एकदम गुळगुळीत वाटलं. घेऊन जा म्हणाले. चौथ्या दिवशी आतलं बेअरिंग जळून इंजिन जागच्या जागी जाम झालं. बेअरिंग आधीपासून वाजतच असणार. माझ्या मशीननं ते दाबून टाकलं होतं.

"चाळीस सालात माह्या हातून गेलेलं इंजन असं बसलं नोतं," ते म्हणाले. "आता हरबऱ्याच्या पाण्याचे दिवस आले. इंजनाची लाइन लागीन. मशीन काढली तर काईच आयकू येत नाई, घातली तर खोटं आयकू येते. अजून एक बसलं तर मी शटर खाली वढतो, मॅडम. लोकाच्या विहिरीवर प्रयोग नाई करत मी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चूक सरळ माझी होती. या माणसाला काय ऐकायचंय हे मी त्याला विचारलंच नव्हतं. जगातला जो एक आवाज त्याला हवा होता, तोच मी कचरा म्हणून झाडून टाकला होता.

म्हटलं, बसा, दहा मिनिटांचं काम आहे. मशीनमध्ये दुसरा प्रोग्राम टाकून देते. बटण दाबलं की माणसं, परत दाबलं की इंजिन.

आणि मग मी नवा लॅपटॉप उघडला.

नवा कशाला, तर जुन्यानं आठवड्यापूर्वी कार्ड ओळखणं सोडलं होतं. कार्ड घातलं की ढिम्म. मी घाईघाईत दोनदा जोरानं कोंबलं, तरी ढिम्म. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं सांगितलं, स्लॉट गेला मॅडम, त्यापेक्षा नवीन घ्या. मी त्याला विचारलं होतं बरं, नव्याला अशी फट आहे ना? तो म्हणाला, ही काय. मीही तीन बोटं लावून पाहिली होती. बरोबर बसली. दोनच दिवस झाले होते घेऊन, आणि कार्ड घालायची वेळ आज पहिल्यांदा आली.

कार्ड अर्धं आत गेलं आणि अडलं. मी जरा दाबलं. अडलेलंच. मग माझा पारा चढला. आधीच अपराधी वाटत होतं, त्यात हे. मी तळहात लावला आणि दाबणार, तोच मिस्त्रींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा. जोर नाई लावायचा. बसत नाई म्हणजे त्याची जागा नोय ते."

"अहो, मिस्त्री, मापात आहे."

"पाहू द्या मले."

त्यांनी खिशातून टॉर्च काढला. शर्टाच्या आतल्या खिशातून मोजायचं व्हर्नियर काढलं. हा माणूस दवाखान्यातही व्हर्नियर घेऊन आला होता. कार्ड उलटंसुलटं केलं, त्याच्या टोकाची बारीक भोकं मोजली, मग नव्या लॅपटॉपच्या फटीत टॉर्च मारला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"रुंदी सारखी हाय," ते म्हणाले. "पण तुमच्या कार्डाले भोकं हायेत, दोन लाइनी. म्हणजे समोर दात पाहिजेत. याच्यात दातच नाईत, सपाट पट्टी हाय. अन् कार्ड लांब हाय, याची खोली कमी. नट बोल्टावर चढतो असं वाटते, पण आटे येगळे हायेत. याच्यात कितीबी मारा, कार्ड मरीन नाईतर लॅपटॉप मरीन."

पुढे मला कळलं ते असं. जुन्या फटीच्या मागून एक नवी जात निघाली होती, जास्त वेगाची. तिची कार्डं वेगळी, जोडणी वेगळी, फक्त तोंडाची रुंदी काही लॅपटॉपमध्ये नेमकी सारखी. माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी तीन बोटं लावून स्वतःला फसवून घेतलं असणार. पाच वर्षं मी रोज ती फट वापरत होते आणि आत कधी डोकावलं नव्हतं. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि तिचं सगळं व्याकरण त्यांना कळलं.

"जुना कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"घरी. पण तो गेलाय, मिस्त्री. दुकानदार म्हणाला."

"त्यानं आत पाह्यलं?"

नव्हतं पाहिलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना लॅपटॉप पिशवीत घालून देऊळघाटला गेले. मिस्त्रींनी एक टेबल पुसून त्यावर धुतलेलं धोतर अंथरून ठेवलं होतं. मी बॅटरी काढून दिली. त्यांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि फटीत पाहायला लागले.

पहिल्यांदा आतून निघाला कापूस. खरं सांगते. माझ्या खोल्यांच्या रस्त्यावरून जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या जायच्या, हंगामात हवेत तंतू उडायचे, ते फटीतून जाऊन तळाशी पिनांमध्ये दाबून बसले होते. रोज कार्ड घालून मीच ते ठासले होते. मिस्त्रींनी चिमट्यानं बोटाच्या पेराएवढी एक गादी बाहेर काढली आणि धोतरावर ठेवली.

"याले झाकण नोतं?"

मी सांगितलं, होतं, एक पट्टी होती. तिचं काय केलं तेही सांगितलं. सांगावंच लागलं. पेस्टचं ऐकून त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"आमी इंजनाचं नोझल काढलं ना मॅडम, तर पयले भोकात चिंधी कोंबतो. मंग पाणी पेतो, मंग पुढचं काम. भोक उघडं ठेवलं की त्यात जग जाते."

मला राग यायला हवा होता, कारण ऐकून घ्यायची मला सवय नाही. आला नाही. मला त्या माणसाविषयी एवढा आदर वाटला, की मी चक्क "हो" म्हणाले.

कापसाच्या गादीमुळे कार्ड तिरकं जात होतं, आणि तिरक्या कार्डाला मी जोर लावला होता. अडुसष्टपैकी दोन पिना आडव्या पडल्या होत्या. केसापेक्षा जरा जाड अशा पिना, फटीच्या तोंडापासून चार बोटं आत. तिथं हात जाणार कसा? मिस्त्रींनी गावातल्या दवाखान्यातून इंजेक्शनची एक कोरी सुई आणवली. तिचं टोक घासून त्यांनी सपाट केलं आणि ती सायकलच्या एका स्पोकच्या टोकाला झाळली. सुई आतून पोकळ असते. ती पिनेवर टोपीसारखी चढवायची आणि हळूच उभी करायची.

एवढं जवळ वाकलं की कानातली मशीन शिट्टी मारायला लागते, म्हणून त्यांनी ती काढून ठेवली. आता त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. आम्ही ठरवलं, टॉर्च हलला की मी खांद्यावर एकदा टिचकी मारायची, थांबायचं असलं की दोनदा. दुकानात गिऱ्हाईकं आली, बसली, कोणी हाक मारली. मिस्त्रींना पत्ता नाही. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता. पिन मोडली तर संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिच्यावर त्यांचं दुकान होतं. पहिली पिन उभी राहिली. दुसरीला फार वेळ लागला. मग त्यांनी स्पोक बाहेर काढला, भिंग काढलं, आणि हातानं खूण केली, घाला.

मी कार्ड आत सरकवलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बॅटरी लावून लॅपटॉप सुरू केला. कोपऱ्यात कार्डाची खूण आली. माझा जीव भांड्यात पडला. मी मिस्त्रींच्या पाठीवर एक थाप मारली, जी ठरलेल्या खुणांमध्ये नव्हती.

मग आम्ही इंजिन लावलं. दुकानाच्या दारात एक जुनं एका सिलिंडरचं होतं, मिस्त्री म्हणाले याचा आवाज मले पाठ हाय. लॅपटॉप उलट्या डब्यावर, मिस्त्री स्टुलावर, उजव्या कानात मशीन, त्यातून लाल वायर निघून फटीतल्या कार्डात गेलेली. हँडल मारलं, आणि ती धडधड सुरू झाली. आमच्या धंद्यात ज्याला शांत खोली लागते ते काम मी त्या गोंगाटात करत होते. सरांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

गोंगाट दाबायची सोय मी बंद केली. ते म्हणाले, आलं, पण भसाडं आलं. जाडा आवाज थोडा खाली घेतला, मधला वर. एक गोष्ट मात्र मी त्यांच्यासाठीही सोडली नाही. फार मोठ्या आवाजाला वरून जो लगाम असतो तो घट्टच ठेवला, उरलेला कान जायला नको म्हणून. ते डोळे मिटून बसले होते. बोट वर केलं की मी एक पायरी चढायची, बोट खाली की उतरायची. एकदा त्यांचं बोट तसंच राहिलं, ना वर ना खाली.

"टॅपेट," ते म्हणाले. "व्हॉल्व्हवरचा टॅपेट वाजून राह्यला. हा ढिला होता, मीच ठेवला होता ढिला." आणि त्यांनी तोंडावर पदर घ्यावा तसा गळ्यातला रुमाल घेतला. मी उगाच स्क्रीनकडे पाहत राहिले. मलाही दिसत नव्हतं नीट.

प्रोग्राम साठवला. इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मी कार्डाचं बटण दाबणार, तेवढ्यात मिस्त्रींनी मान तिरकी केली.

"मॅडम, हे काय घासून राह्यलं?"

"कुठं?"

"हे. बारीक. चिर्र चिर्र."

मी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "याच्या आतला पंखा. पातं घासते कशाले तरी."

मी म्हटलं, काहीतरीच. मी वाकले, कान जवळ नेला. काही नाही. कीबोर्डला कान टेकवला. काही नाही. म्हटलं, मिस्त्री, नवीन नवीन ऐकू आलं की माणसाला असे भास होतात, मी खूप पाहिलेत.

त्यांनी वाद घातला नाही. लॅपटॉप बंद करायला लावला, चार स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं. पंख्याच्या कडेला कापसाचा एक तंतू गुंडाळला होता. त्यांनी तो चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला.

त्यांची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातूनच म्हणाली, "मलेबी आयकू येत होतं ते, मॅडम."

मी तो तंतू मुठीत धरून बुलडाण्याला आले. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर गाद्यांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांना बसवते त्या खुर्चीत बसून स्वतःचे कान तपासले. बारीक आवाजाकडे जाताना आलेखाची रेघ खाली गेली होती, दोन्ही कानांची, म्हणजे ते आवाज मला कमी ऐकू येत होते. मी कितीतरी वर्षं लोकांना विचारत होते, आता कसं वाटतं?

पुढच्या आठवड्यात मिस्त्री टिनाची एक पट्टी कापून घेऊन आले, कडा घासून गोल केलेली, फटीच्या मापाची. मला पाहिलं आणि थांबले. माझ्या कानात मशीन होती, आणि वायर फटीतल्या कार्डात.

"बटण मी दाबू का?" त्यांनी विचारलं. मी माझी नेहमीची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.